मेस्त्रीसरांचा क्लब

मागच्याच्या मागच्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी, मॉन्ट्रियलजवळच्या लव्हालमधल्या एका जुन्या चार मजली इमारतीच्या बेसमेंटमध्ये भाडेकरूंची सभा झाली. तळमजल्यावर राहणाऱ्या मादाम जिनेत यांना संघटनेतून काढून टाकण्याचा ठराव या सभेने मंजूर केला. मादाम सत्तरी ओलांडलेल्या होत्या आणि इमारतीतल्या सर्वांत जुन्या भाडेकरू होत्या. ठराव मांडला संघटनेचे अध्यक्ष प्रा. वामन मेस्त्री यांनी.

मेस्त्रीसर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गावोगाव निघालेले राजकीय क्लब आणि त्या क्लबांत येणारी साधी माणसे, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. जहाल क्लब सामान्य माणसाला कसा गमावून बसतो, हे त्यांच्याइतके तपशिलाने सांगू शकणारी माणसे मॉन्ट्रियल परिसरात फार नसावीत.

माझी त्यांची ओळख फोनवर झाली. मी तेव्हा एका वृत्तसंस्थेत होतो. एका संपाच्या बातमीसाठी इतिहासाच्या जाणकाराचे चार शब्द हवे होते. त्यांनी विचारले, "तुला वाक्य हवंय की माहिती? वाक्य हवं असेल तर दुसऱ्याला फोन कर." मी माहिती हवी म्हणालो. त्यांनी ती दिली, आणि मग माझे नाव पुन्हा विचारून एकदम मालवणीत शिरले. "खयचो तू?" मी सातारचा म्हटल्यावर जरा निराश झाले. "असू दे. शनिवारी ये. हिने घावणे घालायचं ठरवलंय."

त्या शनिवारी पाहिले, तर त्यांच्या घराचे दार सताड उघडे होते. बाहेर बर्फ पडत होता आणि जिन्यातला गारठा थेट बैठकीच्या खोलीत येत होता. मालतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाल पांघरून तव्यापाशी उभ्या होत्या. "सगळी हीट जिन्यात चाललीय," त्या मला म्हणाल्या. "यांची क्रांती झालीच तर थंडीने होईल. बस तू, कोट काढू नकोस."

दार उघडे ठेवण्याची सवय विद्यापीठापासूनची. जानेवारीतही सर वर्गाचे दार लावू देत नसत. विद्यार्थी कोट घालून बसत. त्यामागे त्यांचा सिद्धांत होता. क्रांतीच्या सुरुवातीला छोट्या गावांतल्या क्लबांत चांभार, पाववाले, सुतार येत, बायका सज्जात बसून विणकाम करता करता ऐकत. पुढे क्लबांनी शुद्धीकरण सुरू केले. प्रत्येक सभासदाने उभे राहून सांगायचे, की क्रांतीपूर्वी तू कोण होतास आणि क्रांतीसाठी काय केलेस. उत्तर पटले नाही तर नाव कमी. सर म्हणत, "भाकरीवर बोला, लोक बसून राहतील. शुद्धतेवर बोलायला लागलात की ते चपला शोधायला लागतात." आणि दुसरे, त्यांचे नेहमीचे: "क्लब आधी दार लावून घेतो, आणि मग विचारतो, माणसं गेली कुठे?"

ते सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातले. वडील सुतार. सर लहान असताना गावकीने त्यांच्या घराला वाळीत टाकले होते. अपराध असा, की गावकीने आधीच वाळीत टाकलेल्या एका कुटुंबाला वडिलांनी दाराची चौकट करून दिली. मग कोणी काम देईना, कोणी बोलेना. गावचा न्हावी केस कापेना. सर चालत शेजारच्या गावी जात. आजी वारली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला गावातले कोणी आले नाही. मामा आणि त्यांची माणसे दुसऱ्या गावाहून येईपर्यंत ती अंगणात होती. हे सरांनी मला एकदाच सांगितले, तेही जेवताना, आवाज न बदलता. "पुस्तकात वाचून नाही आलो मी या विषयाकडे," एवढेच पुढे म्हणाले.

सर राहत होते ती लव्हालमधली इमारत विकली गेली आणि नव्या कंपनीला ती रिकामी करून मोठे नूतनीकरण करायचे होते. करार संपवण्याच्या कागदावर भाडेकरूंच्या सह्या घ्यायला कंपनीचा एक एजंट फिरू लागला. सही केली नाही तर कायद्याने भाडेकरूला सहजासहजी काढता येत नाही, म्हणून कंपनीला सह्या हव्या होत्या आणि म्हणूनच सरांनी संघटना काढली. ते तिला गमतीने क्लब म्हणत. चिटणीस म्हणून केतकी पुढे आली. ती पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी, तिसऱ्या मजल्यावर नवऱ्याबरोबर राहणारी. पण पहिल्या सभेला माणसे आली ती मादाम जिनेत यांच्यामुळे. सरांनी दारांखालून पत्रके सरकवली होती, त्यांना कोणी विचारले नाही. मादामनी दारे ठोठावली. त्यांच्या हाकेला हैतीहून आलेल्या ड्रायव्हरच्या घरचे, अल्जीरियन शिंपी आणि एकटे राहणारे दोन-तीन म्हातारे, सगळे बाहेर आले. सभा सरांच्या घरी झाली. मालतीकाकूंनी साबुदाणा वडे केले, मादामनी शुगर पाय हा इथला गोड पदार्थ आणला. सर मला फोनवर म्हणाले, "मेल्या, चाळीस वर्षं जे शिकवलं ते आज माझ्या सोफ्यावर बसलं होतं."

केतकीच्या सूचनेवरून संघटनेने पहिला ठराव केला: संघटनेला विचारल्याशिवाय कंपनीच्या माणसाला कोणीही घरात घ्यायचे नाही. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. मराठी मंडळात होते तसे सगळे रीतसर झाले. मादामनीही हात वर केला होता.

सप्टेंबरअखेर मादामच्या बाथरूममधला हीटर बंद पडला. त्यांनी कंपनीला फोन केला. दुरुस्तीवाला आला आणि त्याच्याबरोबर एजंटही आला. मादामनी दोघांना आत घेतले आणि कॉफी दिली. केतकीने जाता-येता एजंटचे बूट दाराबाहेर पाहिले आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर लिहिले. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर 'गद्दार' या अर्थाचे शब्द तीन भाषांत आले होते. सरांनी सभा बोलावली.

त्या सभेला मी नव्हतो. पुढचा तपशील तिघांनी मला स्वतंत्रपणे सांगितला आणि तो जुळतो. सभा बेसमेंटमधल्या लाँड्रीत घेतली, कारण सरांच्या घरात आता सगळे मावत नव्हते. ड्रायर चालू होते. आवाज बाहेर जाऊ नये, कंपनीच्या माणसाने ऐकू नये, म्हणून केतकीने दार लावायला सांगितले. दार सरांनी लावले. मग ते म्हणाले, की आज प्रत्येकाने उभे राहून सांगावे, मी या इमारतीसाठी काय केले आणि कंपनीशी माझे काय बोलणे झाले. सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. मादामचा नंबर आला तेव्हा त्यांच्या हातात घड्या घातलेल्या टॉवेलांची टोपली होती.

"तुम्ही या इमारतीत कधीपासून आहात?" सरांनी विचारले.

"तुमच्या डोक्यावर केस होते तेव्हापासून, प्रोफेसर."

लोक हसले. सर हसले नाहीत. "ठराव माहीत असताना एजंटला आत का घेतलंत?"

"बाथरूम चर्चसारखी गार झाली होती. तत्त्वांनी आंघोळ होते का?"

"दुरुस्तीवाल्याला घेतलंत, ते समजू शकतो. एजंटला कॉफी का दिलीत?"

"माझ्या दारात येईल त्याला मी कॉफी देते. तुम्हालाही दिली होती."

केतकी म्हणाली, "इट्स नॉट पर्सनल, मादाम. रूल म्हणजे रूल." सरांनी ठराव मांडला: मादाम जिनेत यांना संघटनेतून कमी करावे आणि कंपनीपर्यंत बातमी जाऊ नये म्हणून कोणीही त्यांच्याशी इमारतीच्या विषयावर बोलू नये. हात वर झाले. हैतीच्या ड्रायव्हरची बायको मत न देता ओले कपडे मशिनमधून काढून निघून गेली. केतकीने तिथेच फोन काढून मादामना ग्रुपमधून काढले. मादामनी टोपली उचलली. टोपलीमुळे त्यांना दार उघडता येईना. ते सरांनी उघडून दिले.

घरी मालतीकाकूंनी विचारले, "काय झालं सभेत?"

"ठराव पास झाला."

"कुणाविरुद्ध?"

सर आत निघून गेले. काकूंना ते थोड्याच वेळात केतकीच्या मेसेजवरून कळले. त्या म्हणाल्या, "तुमच्या बाबांच्या वेळीही पासच झाला होता."

हे मला काकूंनी सांगितले, आणि पुढे सरांनीही. त्या रात्री ते जेवले नाहीत. पण ठराव त्यांनी मागे घेतला नाही. मी नंतर कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "मागे घेतला असता तर क्लब फुटला असता असं वाटलं. तो तसाही फुटला होता, हे मला दिसत नव्हतं. माझ्या प्रबंधात यावर एक अख्खं प्रकरण आहे."

ठरावात बोलण्याची बंदी फक्त इमारतीच्या विषयापुरती होती. प्रत्यक्षात लोक मादामशी हवापाण्यावरही बोलेनासे झाले. केतकीचा नवरा पहिल्या बर्फापासून सगळ्यांच्या वाटांवरचा बर्फ शोव्हल करत असे. मादामच्या पायऱ्या तेवढ्या राहू लागल्या. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. शिंपी त्यांची ग्रोसरी दारापर्यंत आणून द्यायचा, ते बंद झाले. इकडे संघटनेच्या सभेला माणसे कमी होत गेली. म्हातारे आले नाहीत, ड्रायव्हरच्या घरचे आले नाहीत. उरले ते बहुतेक शिकलेले, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरचे. डिसेंबरात एजंट मादामच्या स्वयंपाकघरात दोन दुपारी बसला आणि त्यांनी सही केली. जूनअखेर घर सोडायचे ठरले. मार्चमध्ये केतकीने आणि तिच्या नवऱ्याने लव्हालमध्येच कोंडो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, घेतला आणि ती दोघे गेली. ग्रुपवर तिने सगळ्यांना शुभेच्छा दिल्या.

मादाम राहत होत्या त्या तळमजल्यावरून मुख्य जिना जातो. सर गुडघेदुखी असतानाही मागच्या लोखंडी जिन्याने जाऊ-येऊ लागले. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. बर्फ होता, कठडा निसरडा होता. मी म्हटले, "सर, पुढून जाऊ या." ते म्हणाले, "पुढून तिचं दार लागतं."

एप्रिलमध्ये मादामच्या भाच्याने घरभाड्याचे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. म्हणणे असे, की मावशीची सही फसवून आणि घाबरवून घेतली. एजंटने तिला सांगितले होते, की बाकी सगळ्यांनी सह्या केल्या आहेत, तूच एकटी उरली आहेस. हे खोटे होते. ते खोटे होते हे सांगायला साक्षीदार हवा होता. मोफत काम करणारी एक तरुण वकील सरांकडे आली. सर लगेच हो म्हणाले. वकिलीणबाईंनी मालतीकाकूंसमोर बजावले: मादामनी सही केली त्या दिवशी इमारतीतल्या बहुतेक घरांनी सह्या केलेल्या नव्हत्या, एवढेच सांगायचे. विचारले तेवढेच उत्तर द्यायचे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सरांचा मला फोन आला. आवाज बऱ्याच महिन्यांनी मोकळा होता. "उद्या ये. निदान आता तरी खरं सांगता येईल."

मी गेलो. बातमीसाठी नव्हे. खोली लहान होती, टेबलाच्या एका बाजूला मादाम, भाचा आणि वकिलीणबाई, दुसऱ्या बाजूला कंपनीचा वकील आणि एजंट. मागच्या खुर्च्यांवर मालतीकाकू आणि मी. सरांना प्रश्न विचारला गेला. त्या दिवशी किती घरांनी सह्या केल्या होत्या, हे त्यांनी नीट सांगितले. वकिलीणबाई आभार मानून खाली बसल्या.

सर बसले नाहीत. म्हणाले, "मला आणखी थोडं सांगायचं आहे." न्यायाधिकाऱ्यांनी अडवले नाही. मग ते बोलले. फ्रेंच उत्तम, वाक्ये घडीव. मादाम एकट्या पडल्या त्या कंपनीमुळे नव्हे, आमच्यामुळे. ठराव मी मांडला. त्यांच्याशी बोलणे आम्ही बंद केले. त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ आम्ही तसाच ठेवला. माझ्या देशात याला एक शब्द आहे, तो त्यांनी मराठीतच उच्चारला आणि त्याचा अर्थ सांगितला. त्यांच्या मनात भीती बसली असेल तर ती आम्ही घातली. वकिलीणबाईंनी दोनदा हात वर केला. मालतीकाकू मागून मराठीत म्हणाल्या, "अहो, बसा. बसा आता." कंपनीचा वकील लिहून घेत होता. त्याने उलट तपासणीत एकच प्रश्न विचारला: हे सगळे माझ्या अशिलाच्या सांगण्यावरून झाले का? सर म्हणाले, "नाही. त्यांना ते माहीतही नव्हतं."

बाहेरच्या मार्गिकेत सर मादामपुढे जाऊन उभे राहिले. त्यांना काही म्हणायचे होते. मादाम कोटाची बटणे लावत होत्या. त्या म्हणाल्या, "प्रोफेसर, तुम्ही बोलता छान." मग भाच्याला म्हणाल्या, "गाडी आण."

निकाल काही आठवड्यांनी आला. मी तो वाचला आहे. बाकीच्यांनी सह्या केल्या असे एजंट म्हणाला, याला मादामच्या शब्दापलीकडे पुरावा नाही, आणि एजंटने ते नाकारले आहे. मादाम त्या काळात एकाकी आणि घाबरलेल्या होत्या, हे न्यायाधिकरणाने मान्य केले. पण ती परिस्थिती शेजाऱ्यांनी निर्माण केली होती, कंपनीने नव्हे, आणि कंपनीला तिची कल्पना असल्याचे दिसत नाही. त्यासाठी आधार म्हणून अर्जदाराच्याच साक्षीदाराची साक्ष दिली होती. अर्ज फेटाळला.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दार लावलेले होते. काकूंनी उघडले. सर खिडकीशी होते. मग म्हणाले, "तिला एका वाक्याची गरज होती. मी भाषण केलं." आणि थोड्या वेळाने, "माफी मागायलाही मी सभाच शोधली रे. तिच्या दारावर टकटक करून मागता आली असती. रोज त्याच दारावरून जायचं टाळत होतो." काकू आतून म्हणाल्या, "आता तरी जा खाली." ते गेले नाहीत. कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणाले. ते हे वाक्य पूर्वी भाषणात वापरत नसत, त्यांना ते नाटकी वाटे.

एक जुलैला, म्हणजे क्युबेकमध्ये घरे बदलण्याच्या ठरलेल्या दिवशी, मादाम जिनेत यांनी घर सोडले. भाच्याने ट्रक आणला होता. सर मुख्य जिन्याने खाली उतरले आणि दाराशी ठेवलेले एक खोके त्यांनी वाकून उचलले. मादाम म्हणाल्या, "ते जड आहे, राहू द्या. तुमचा गुडघा." सरांनी खोके खाली ठेवले आणि ट्रक जाईपर्यंत ते फुटपाथवर उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी क्लबांवरचे आपले नवे पुस्तक पुढे लिहिले नाही. प्रकाशकाला तसे कळवले. मराठी मंडळाने त्यांचे व्याख्यान ठेवले होते, विषय 'राज्यक्रांती आणि सामान्य माणूस'. त्यांनी नाही म्हणून सांगितले. कारण विचारल्यावर "अभ्यास कमी पडतो," म्हणाले. संयोजकांना तो विनय वाटला. संघटनेची सभा पुन्हा झाली नाही. उरलेल्या बहुतेक घरांनी एकेक करून सह्या केल्या. सरांनी केली नाही.

मागच्या नोव्हेंबरात लव्हालच्या रुग्णालयात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मुलगी ओंटारिओतल्या लंडनहून आली होती. अंत्यसंस्काराला मंडळाची माणसे, दोन जुने विद्यार्थी आणि अल्जीरियन शिंपी आले. केतकीने फुले पाठवली. मुलीने आईला लंडनला चल म्हटले. काकू म्हणाल्या, थंडी संपल्यावर पाहू. काकूंच्या मजल्यावर आता त्यांच्याशिवाय कोणी राहत नाही.

हा मजकूर लिहिताना तपशील पडताळण्यासाठी मी मादाम जिनेत यांना फोन केला. त्या आता उत्तरेकडच्या एका गावात बहिणीच्या घरी राहतात. सभेत त्या काय म्हणाल्या होत्या, ते मी वाचून दाखवले. त्यांनी एक शब्द दुरुस्त केला. सरांविषयी काही सांगायचे आहे का, असे विचारले. "नाही," त्या म्हणाल्या. मग विचारले, "मादाम मेस्त्री अजून तिथेच आहे? एकटी?"

मी हो म्हटले.

पुढच्या रविवारी मादाम जिनेत दुपारच्या बसने लव्हालला आल्या आणि मालतीकाकूंकडे गेल्या. काकूंचे फ्रेंच बाजारहाटापुरते आहे आणि मादामना इंग्रजी येत नाही. संध्याकाळच्या बसने त्या परत गेल्या.